देवयानीचा फोटो

नागपूरच्या नंदनवन वस्तीत तेव्हा घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त होते. कृष्णकांत बक्षींनी महाल भागातलं भाड्याचं घर सोडून इथे दोन खोल्या बांधल्या त्या केवळ अंधारासाठी, असं त्यांची बायको चारुशीला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. मागच्या अंगणाला लागून शेतं सुरू व्हायची. अमावास्येला दिवस मावळला की त्या अंगणातून आकाश असं दिसायचं की महालातून आलेले पाहुणे चहा हातात धरून नुसते वर बघत राहायचे.

कृष्णकांत रेल्वेत नकाशे काढायच्या कामावर होते. हात स्थिर, बोलणं कमी. दुर्बिणीचा आरसा त्यांनी स्वतः घासला होता. काचेच्या जाड तबकडीवर दुसरी तबकडी, मध्ये पाणी आणि करकरणारी पूड, आणि ऑफिसातून आल्यावर रोज तेच फिरवणं. पहिला आरसा तडकला. दुसरा जमला. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे संध्याकाळी मोकळ्या असायच्या. चारुशीला सुरुवातीला चिडायची, मग ती त्यांच्या शेजारी पाटावर बसून भाजी निवडायला लागली.

त्यांना देवयानी तारकासमूहातल्या दीर्घिकेचा फोटो काढायचा होता. आपल्या आकाशगंगेसारखीच ती दुसरी, पण इतकी लांब की तिचा उजेड इथे पोचायला वीस लाखांहून जास्त वर्षं लागतात. नुसत्या डोळ्यांना ती दिसते ती फिक्या डागासारखी. दुर्बिणीतूनही डागच दिसतो, फक्त मोठा. डोळा उजेड साठवून ठेवत नाही. फिल्म ठेवते. तासभर शटर उघडं ठेवलं तर तो डाग हळूहळू आपलं रूप दाखवतो, मधला झगझगीत गाभा आणि भोवतीच्या काळ्या पट्ट्या. परदेशी पुस्तकांत कृष्णकांतांनी ते पाहिलं होतं. आपल्या अंगणात पडलेला तो उजेड आपल्या हातानं गोळा करावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

अडचण एकच होती, पण मोठी. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात. त्या तासभरात दुर्बीणही ताऱ्यांबरोबर सरकली पाहिजे. मोठ्या नळीला एक लहान दुर्बीण बांधलेली असे. तिच्यात बारीक तारेची फुली. त्या फुलीवर एक तारा धरायचा आणि दुर्बीण सरकवायची मूठ केसाकेसानं फिरवत त्याला तिथून हलू द्यायचं नाही. तासभर डोळा काढायचा नाही. डोळा निघाला की तारा निसटला, आणि तारा निसटला की फिल्मवर सगळे तारे रेघा होऊन बसले.

दुर्बिणीला सरकवणारं दातेरी चाक मार्तंड भोयरनं करून दिलं. मार्तंड चार घरं सोडून राहायचा. कळमेश्वरच्या एका कारखान्यात टर्नर होता. तिशी ओलांडलेला, अंगानं आडवा, हसरा. कृष्णकांत खिडकीत दुर्बिणीचा नकाशा पसरून बसलेले दिसले तेव्हा तो कुंपणावरून वाकून विचारता झाला, "हे काय बनवून राहिले गा भाऊ?" त्या दिवसापासून तो घरातलाच झाला. पहिलं चाक झटके देत होतं. त्यानं दुसरं केलं, मग तिसरं. सुट्टीच्या दिवशी त्याची बायको देवकी हाका मारून थकायची आणि शेवटी स्वतःच ताट झाकून बक्षींच्या अंगणात आणून ठेवायची.

"तुमच्या या चांदण्या जेवू घालत नाई त्याले," ती चारुशीलेला म्हणायची. चारुशीला म्हणायची, "माझ्या घरीही तेच आहे गं."

मग गल्लीच्या कोपऱ्यावर दिवा आला. लोकांनी बरेच अर्ज केल्यावर आला होता आणि सगळ्यांना त्याचा आनंद होता. पण तो दिवा लागला की बक्षींच्या अंगणात भिंतीची सावली पडायची. मार्तंडच घरोघर फिरला. अमावास्येच्या आसपास दोन-तीन संध्याकाळी, तासादीडतासापुरता, दिवा बंद ठेवला तर चालंन का? लोक हसले आणि हो म्हणाले. कोपऱ्यावरच्या घरातले गोपाळराव, इतवारीतले धान्याचे अडते, तेवढे म्हणाले, "दिवा लावाले अर्ज करा, मंग बुजवाले फिरा!" पण त्यांनीही आडकाठी केली नाही. खांबावरचा फ्यूज काढायचं आणि परत घालायचं काम मार्तंडनं आपल्याकडे घेतलं.

ती कार्तिकातली अमावास्या होती. थंडी नुकती पडायला लागली होती. दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात देवयानी डोक्यावर, किंचित उत्तरेकडे येणार होती. मार्तंडला त्या दिवशी सुट्टी होती. दोघांनी मिळून दुर्बीण लावली, कॅमेरा बसवला. कृष्णकांत स्टुलावर बसले, डोळा लहान दुर्बिणीला लावला, मूठ धरली.

"तारा धरला?" मार्तंडनं विचारलं.

"धरला."

मार्तंडनं शटर उघडलं. थोड्या वेळानं गल्लीतून उजेडाचा एक भपका आला. कोणीतरी, बहुधा फेरीवर आलेल्या लाइनमननं, फ्यूज परत घातला होता. मार्तंड "तुम्ही हलू नका" म्हणत तसाच धावला. उजेड गेला. मग त्याची पावलं परत येताना ऐकू आली, कुंपणापाशी, विटांचा ढीग होता त्या बाजूनं.

"अरे बापा!"

कृष्णकांतांचा हात दचकला. तारा फुलीवरून सरकला. त्यांनी तो परत आणला.

"काय झालं?"

"काई नाई. पायात काई तरी घुसलं. काटा असंन."

"बघ दिवा लावून."

"दिवा कायचा लावता! फिल्म जाईन. तुम्ही डोळा काढू नका भाऊ. मी बसतो इथं पायरीवर."

तो पायरीवर बसला. कृष्णकांतांनी डोळा काढला नाही. एकदा त्यांनी विचारलं, "दुखतंय का रे?" मार्तंड म्हणाला, "चालते." आवाज थोडा दाबलेला होता. तो आवाज दाबलेला आहे हे कृष्णकांतांना तेव्हाही कळलं होतं. पण तारा फुलीच्या बरोबर मध्यावर होता, चाक लोण्यासारखं फिरत होतं. असं याआधी एकदाही जमलं नव्हतं. आता थोडंच राहिलंय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

शटर बंद करून ते पायरीशी गेले आणि टॉर्च लावला तेव्हा मार्तंडचा पाय पोटरीपर्यंत सुजला होता. घोट्याच्या वर दोन खुणा होत्या. त्यांतून थेंब थेंब रक्त येत होतं आणि ते थांबत नव्हतं.

मार्तंड टॉर्चच्या उजेडात पायाकडे बघत राहिला. "काटा नोहय वाट्टे," तो म्हणाला.

गोपाळरावांनी आपली मॅटाडोर गाडी काढली. देवकी पायात चप्पल न घालता धावत आली. विटांच्या ढिगापाशी गल्लीतल्या पोरांना घोणस सापडली, ती त्यांनी मारली आणि काठीवर धरून मॅटाडोरपाशी आणली, डॉक्टरांना दाखवायला. दवाखान्यात लस टोचली, सगळं केलं. पण त्याची लघवी बंद झाली. चौथ्या दिवशी सकाळी मार्तंड गेला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात कृष्णकांतांनी डॉक्टरांना गाठलं. "पाव तास आधी आणला असता तर?"

डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. ते म्हणाले, "सांगता येत नाही." मग कृष्णकांतांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा हळू. "खरंच सांगता येत नाही."

घरी आल्यावर कृष्णकांतांनी दुर्बीण उतरवली, नळी चादरीत गुंडाळून कोठीत ठेवली. कॅमेरा कपाटात गेला, आतल्या फिल्मसकट. महानगरपालिकेत खेटे घालून त्यांनी गल्लीत आणखी दोन दिवे बसवून घेतले. विटांचा ढीग स्वतः उपसला. गल्लीत त्यांना कोणी काही बोललं नाही. फक्त गोपाळराव एकदा पानाच्या टपरीवर, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दिवा असता तं दिसला असता साप." ते खरंच होतं.

तेरवी झाल्यावर एका संध्याकाळी कृष्णकांत चारुशीलेला म्हणाले, "देवकीला सांगायला हवं."

"काय?"

"तो बसून होता आणि मी उठलो नाही, हे."

चारुशीलेनं निवडायची भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "सांगून तुमचं मन हलकं होईल. तिचं काय होईल?"

तरी ते गेले. देवकी दारात गहू पाखडत होती. तिचा सासरा देवाजी, काटोलकडच्या गावाहून आलेला, खाटेवर बसून होता. कृष्णकांत उभ्यानंच बोलले. जे झालं ते सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. मार्तंड काय म्हणाला तेही सांगितलं.

देवकीचं सूप थांबलं होतं. ती म्हणाली, "मले मालूम हाय. दवाखान्यात सांगतलं त्यानं. म्हने, भाऊले बोल लावू नको, मीच म्हटलं डोळा काढू नका म्हनून."

"पन भाऊजी," देवकी म्हणाली, आणि आता तिनं वर पाहिलं, "तो तं सगळ्याइलेच तसं म्हने. मशीनमंदी बोट गेलं तवाबी घरी येऊन म्हने, काई नाई झालं. तुम्ही त्याले दोन साल पाहून राहिले होते. तुमाले मालूम नव्हतं, तो कसा हाय ते?"

"होतं," कृष्णकांत म्हणाले.

"मंग?"

देवकीनं सूप उचललं आणि आत गेली. देवाजीनं खाटेवरून हात जोडल्यासारखं केलं, म्हणजे आता जा.

त्यानंतर देवकी त्यांच्याशी बोलली नाही. चारुशीलेशी बोलायची. चारुशीलेनंच खटपट करून तिला जवळच्या बालवाडीत कामाला लावलं. देवाजी तिला गावी न्यायला दोनदा आला, दोन्ही वेळा ती नाही म्हणाली. "इथं त्यानं घर बांधलं. मी काहून जाऊ?" कृष्णकांत गल्लीतून येताना दिसले की ती पदर सारखा करून आत वळायची. त्यांनी ऑफिसात जायची वाट बदलली, लांबून जायला लागले. जेवताना मध्येच त्यांचा घास थांबायचा. चारुशीला विचारायची नाही.

चैत्र अर्धा उलटला होता. नागपूरचं ऊन भिंतींतून आत यायला लागलं होतं. एका रविवारी दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, देवकी बक्षींच्या दारात उभी राहिली. तिनं चारुशीलेकडे नाही, सरळ कृष्णकांतांकडे पाहिलं.

"तो फोटो निघाला का?"

कृष्णकांत उठून उभे राहिले. "धुतलाच नाही."

"काहून?"

"कसा धुणार होतो?"

"तुमचा एकट्याचा हाय काय तो?" देवकीचा आवाज चढला नाही. "त्याचा जीव गेला त्याच्यात. कायच्यासाठी गेला ते मले पाहू तं द्या."

कृष्णकांतांनी त्याच दुपारी बर्फ आणवला, कारण त्या उन्हाळ्यात औषधाचं पाणी गार ठेवल्याशिवाय फिल्म वितळली असती. न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडं लावलं. फिल्म धुताना कामाची सवय हातांत होती. फिल्म वाळली, तोवर संध्याकाळ झाली. देवकी माजघरात चारुशीलेजवळ बसून होती.

"आता कागदावर उतरवायचा," कृष्णकांत दारातून म्हणाले. "बघायचं असेल तर आत या."

न्हाणीघरात लाल दिवा होता. तिघं दाटीवाटीनं उभे राहिले. कृष्णकांतांनी फिल्ममधून उजेड पाडलेला, अजून कोराच दिसणारा कागद औषधाच्या तसराळ्यात सोडला आणि तसराळं हळू हळू हलवायला लागले. आधी काहीच नव्हतं. मग कागद काळवंडायला लागला आणि त्यात पांढरे ठिपके राहिले. मधोमध एक लांबट, धुरकट अंडं. त्याचा गाभा लखलखीत. आणि त्याच्या एका कडेनं, अगदी स्पष्ट, काळा पट्टा वळत गेलेला.

"हेच ते," कृष्णकांत म्हणाले. इतकी वर्षं पुस्तकांतच पाहिलेलं ते रूप समोर होतं आणि त्यांना आनंद झाला नाही. मग त्यांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा हात थांबला.

तारे गोल होते. पण प्रत्येक ठळक ताऱ्याला एका बाजूला, सगळ्यांना एकाच बाजूला, गव्हाच्या कुसळासारखी बारीक शेपटी होती.

"हे काय हाय?" देवकीनं विचारलं. तिच्या नजरेतूनही ते सुटलं नव्हतं.

खोटं सांगता आलं असतं. काचेचा दोष, हवेचा दोष, काहीही. कृष्णकांत म्हणाले, "तो ओरडला तेव्हा माझा हात हलला. तारा सरकला. ते आहे."

"आन मंग?"

"मग मी तो परत जागेवर आणला."

तसराळ्यातलं पाणी हलत होतं. चारुशीलेनं देवकीच्या पाठीवर हात ठेवला. देवकीनं तो झटकला नाही. ती कागदाकडे बघत राहिली आणि मग तिच्या तोंडून हुंदका फुटला, मोठा, आवरता न येणारा. दवाखान्यातही ती अशी रडली नव्हती. कृष्णकांत तसेच उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून तसराळ्यात पडलं, ते त्यांना कळलं नाही.

बऱ्याच वेळानं देवकीनं पदरानं तोंड पुसलं. "लय दूर हाय ना हे?"

"फार."

"उजेड निंगाला तिथून तवा मानसं होती का इथं?"

"नव्हती. आपल्यासारखी नव्हती."

"रडाले कोनी नव्हतं तं मंग," ती म्हणाली. हे तिनं कोणाला सांगितलं, ते समजलं नाही.

फोटो वाळल्यावर कृष्णकांतांनी तो तिला दिला. तिनं तो वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला. तो तिनं भिंतीला लावला की ट्रंकेत ठेवला, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

थोड्या दिवसांनी अखजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आली. त्या भागात अखजीला घरातल्या गेलेल्या माणसांना जेवू घालतात. त्यांच्या नावानं एका पुरुषाला पाटावर बसवतात, त्याला पित्तर म्हणतात, आणि तो जेवला म्हणजे गेलेला जेवला. त्या वर्षी भोयरांच्या घरी मार्तंडचं पित्तर पहिल्यांदाच बसणार होतं. देवाजी गावाहून आला होता. आदल्या दिवशी संध्याकाळी देवकी बक्षींकडे आली.

"भाऊजी, उद्या आमच्याकडं जेवाले या. त्याच्या नावानं."

कृष्णकांतांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मी?"

"तुम्हीच."

"देवकीबाई, दुसऱ्या कोणाला बोलवा. माझा तो हक्क नाही."

"हक्काचं कोन म्हनून राहिलं? मामंजीबी म्हने, आपल्यातला मानूस बसव, त्या बामनाचं काय काम? मी म्हटलं, त्याचा सोबती होता तो. त्याच्यासंगं जेवला, त्याच्यासंगं उन्हात बसला." ती थांबली. "मी काई इसरली नाई, भाऊजी. मले इसरता येत नाई. पन त्याले भुकेलं ठेवून मी काय करू? तो कोनाच्या हातानं जेवंन, ते मले मालूम हाय."

दुसऱ्या दिवशी कृष्णकांत अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून गेले. ऊन मी म्हणत होतं. देवाजीनं दारात त्यांच्या पायावर पाणी घातलं. म्हातारा त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हता, पण पाणी घालताना त्यानं पाय नीट, टाचेपर्यंत धुतले. मधल्या खोलीत पाट मांडला होता. नव्या मातीच्या घागरीला कुंकू लावलं होतं. पानावर पुरणपोळी, कढी, वडे, कुरडया आणि वाटीत आंब्याचा रस.

देवकीनं त्यांच्या कपाळावर गंध लावलं. मग ती खाली वाकली आणि पाटावर बसलेल्या माणसाला नमस्कार केला. कृष्णकांतांनी डोळे मिटून घेतले.

पहिला घास त्यांच्या हातात तसाच राहिला. तोंडापर्यंत जाईना. देवाजी खांबाला टेकून बसला होता. चारुशीला दारात उभी होती. सगळे वाट बघत होते, कारण पित्तर जेवल्याशिवाय घरात कोणी अन्नाला हात लावत नाही.

"जेवा," देवकी म्हणाली. "थंडं होऊन राहिलं."

त्यांनी घास तोंडात घातला. गिळला. मग दुसरा. हळूहळू, मान खाली घालून, त्यांनी पोळी संपवली, वडे संपवले, रसाची वाटी पुसून घेतली. देवकी तुपाची वाटी आणि पोळीचं ताट घेऊन समोर येऊन वाकली.

"अजून एक वाढू?"

कृष्णकांतांनी वर पाहिलं. पोट भरलं होतं.

"वाढा," ते म्हणाले.